हुडहुडीचं हीट ट्रान्सफर

जानेवारीतली सकाळ. वेळ सव्वासहा. लेडीज होस्टेलचा दुसरा मजला. बाथरूमचं दार करकरत उघडतं, आतून वाफेचा एक लोट बाहेर येतो आणि त्या लोटामागून एक मुलगी. डोक्याला टॉवेल, हातात बादली, बादलीत मग, मगात साबण, खांद्यावर ओले कपडे आणि दातांवर दात! बाथरूमपासून रूमपर्यंत मोजून बावीस पावलं. ती ही बावीस पावलं ज्या स्पीडने कापते, त्या स्पीडने स्पोर्ट्स डेला पळाली असती तर आपल्या ब्रँचला एखादं मेडल तरी मिळालं असतं.

रूममध्ये पोचल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पाणी आज गरमच नव्हतं गं!"

मित्र-मैत्रिणींनो, आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. कारण हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि त्याच्यापायी मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या मजल्यावर एकीचा जीव जाता जाता वाचला. फर्स्ट इयरची मुलगी. सोलरचं पाणी 'गरमच नसतं' म्हणून तिने गुपचूप रॉड आणला. रॉड बादलीत, बटण चालू, आणि पाणी तापलं का बघायला तिने बोट घातलं. झटक्यासरशी ती मागे फेकली गेली, कोपर भिंतीवर आपटलं. आठ दिवस हात गळ्यात होता. थोडक्यात निभावलं एवढंच.

त्यानंतर रूम्स चेक झाल्या. १७ रॉड सापडले. (त्यातला एक माझा होता. मीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी सांगणारच.) मग रेक्टर मॅडम विरुद्ध आम्ही असं जे व्हायचं ते झालं. त्यांचं म्हणणं, रॉड बंद म्हणजे बंद. आमचं म्हणणं, मग पाणी कडक द्या. भांडण जोरात होतं, पण दोन्ही पार्ट्यांनी एक गोष्ट धरूनच ठेवली होती की सगळा प्रश्न पाण्याच्या टेंपरेचरचा आहे.

रॉड गेल्याच्या रागात मी लॅबमधला थर्मामीटर घेऊन आले (परत केला आहे सर!) आणि सलग तीन दिवस सकाळी सहाला बादलीत बुडवला. ४१ डिग्री. आंघोळ संपताना तळाशी उरलेल्या मगभर पाण्यात ३९. आपल्या त्वचेचं टेंपरेचर साधारण ३३ च्या आसपास असतं. म्हणजे शेवटचा मगसुद्धा अंगाला उष्णता देतच होता, घेत नव्हता. आणि तरीही मी रूमवर कुडकुडतच पोचत होते!

म्हणजे चोर बादलीत नाही. चोर अंगावर आहे.

सेकंड इयरला थर्मोमध्ये आपण लेटंट हीट शिकलो. व्हायव्हात सांगितली, मार्क घेतले आणि विसरलो. माझी रूम पार्टनर मराठी मिडियमची आहे. तिच्या शाळेच्या पुस्तकात याला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. खरं सांगते, 'लेटंट'पेक्षा मला 'अप्रकट' जास्त कळलं. लपून बसलेली उष्णता. पाण्याची वाफ होते तेव्हा ते उष्णता घेतं, पण थर्मामीटरवर काहीच दिसत नाही. त्वचेच्या टेंपरेचरला एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं ना? आता पुढचं बघा.

आंघोळ संपल्यावर अंगावर पाणी किती राहतं? आपल्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण दीड ते पावणेदोन चौरस मीटर. त्यावर एक दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर धरला तर दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम होतात. माझा हिशोबावर विश्वास बसेना, म्हणून मेसच्या मावशींच्या काट्यावर टॉवेल आंघोळीआधी आणि नंतर ठेवून बघितला. (मावशींनी आधी तो काटा पीठ मोजायचा आहे म्हणून खूप ऐकवलं.) फरक दीडशे ग्रॅमच्या आसपास आला, तोही केस सोडून. माझ्या एकटीचा दोन दिवसांचा प्रयोग आहे, त्यावर पेपर पब्लिश करणार नाही. पण गणिताशी जुळला याचा आनंद झाला.

आता दीडशे ग्रॅम गुणिले २.४, म्हणजे ३६० किलोज्यूल. शांत बसलेल्या माणसाचं शरीर जुन्या पिवळ्या बल्बएवढी, म्हणजे साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. ३६० किलोज्यूल भागिले १०० वॅट, उत्तर ३६०० सेकंद. एक तास! अंगावरचं पाणी 'आपोआप वाळू दे' म्हटलं, तर ते वाळवायला शरीराची जवळजवळ तासाभराची कमाई लागते. सगळीच काही शरीरातून जात नाही, थोडी उष्णता हवेतूनही येते, पण जानेवारीत सकाळी सहाला आपल्या नाशिकची हवा कोणाला काय देणार? निफाडचा पारा पेपरात छापून येण्याचे दिवस असतात ते. बिल आपल्यालाच भरावं लागतं, आणि एवढी उष्णता तातडीने उभी करायला स्नायू थरथरायला लागतात. हीच हुडहुडी.

अजून एक तुलना. पंधरा लिटरची बादली २० वरून ४० डिग्रीला न्यायला साडेबाराशे किलोज्यूल लागतात. म्हणजे अख्खी बादली तापवायला जी उष्णता खर्ची पडली, तिच्या चौथ्या हिश्शाहून जास्त हे अंगावरचं दीडशे ग्रॅम पाणी एकटं पळवून नेऊ शकतं. बादलीतली उष्णता तर बहुतेक सगळी मोरीतून वाहूनच जाते. तिच्यासाठी आम्ही १७ रॉड बाळगले, आणि या दीडशे ग्रॅमकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

यावर आमच्या बॅचमधला एकजण म्हणाला, "पण थंडीत हवा दमट असते, कॉरिडॉरमध्ये धुकं असतं, मग वाफ होईलच कशी?" प्रश्न चांगला आहे. पण बाष्पाचा दाब टेंपरेचरवर ठरतो. ३३ डिग्रीच्या ओल्या त्वचेजवळ तो सुमारे ५० मिलिबार असतो. १० डिग्रीच्या हवेत, ती पूर्ण दमट असली, धुक्याने भरलेली असली, तरी जास्तीत जास्त १२. चौपट फरक. पाणी उडणारच. त्यात कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांच्या खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, वारा आरपार. अंगाभोवती जमलेली दमट हवा वारा उचलून नेतो आणि नवीन कोरडी हवा आणून ठेवतो. पंख्याखाली घाम वाळतो तेच, फक्त इथे ते कोणाला नको आहे.

याउलट बंद बाथरूममध्ये आंघोळीनंतर हवा २५ डिग्रीपर्यंत गेलेली असते आणि वाफेने भरलेली असते. बाष्पदाब ३२ च्या आसपास. त्वचेशी फरक फक्त १८ चा, बाहेरच्या निम्म्याहून कमी, शिवाय वारा नाही. म्हणजे ज्या वाफेला कंटाळून आपण घाईघाईने दार उघडतो, ती वाफ खरं तर आपली शाल आहे. अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत दार उघडायचं नाही. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आणि पाणी जितकं कडक, तितका नंतरचा गारठा वाईट. कडक पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग लाल होतं, शरीरातलं गरम रक्त पृष्ठभागाशी येतं. आत होतो तोवर झकास. बाहेर पडलो की तेच रक्त रेडिएटरसारखं उष्णता बाहेर टाकतं. (उकळत्या पाण्याने आंघोळ करून उठल्यावर काहींना गरगरतं, त्याचंही कारण हेच. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि उभं राहताना ब्लडप्रेशर घसरतं.) अंग वाजेल इतकं गरम हवं, भाजेल इतकं नको, असं माझी आजी म्हणायची. 'अंग वाजणं' म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण ४० डिग्रीच्या आसपास तिचं समाधान होत असावं.

आता पुसण्याबद्दल. इथे मला मराठीने एक धडा दिला. मला एकच शब्द माहीत होता, पुसणे. आजीकडे चार होते. आधी निथळू द्यायचं, मग हाताने निपटायचं, मग टिपायचं आणि शेवटी पुसायचं. मला वाटायचं हे चारही एकच. नाहीत! या चार स्टेप्स आहेत आणि त्यांचा क्रम शंभर टक्के इंजिनिअरिंगचा आहे.

शेवटचा मग घेतल्यावर टॉवेलला हात लावू नका. दहा सेकंद उभे राहा, जाड थेंब खाली उतरू द्या. मग तळहाताने दंडावरून, पोटावरून, मांड्यांवरून खाली पाणी ओढा, गाडीची काच वायपरने पुसतात तसं. मी हे केल्यावर टॉवेल परत मावशींच्या काट्यावर नेला. (दुसऱ्यांदा ऐकून घेतलं.) या वेळी टॉवेलने साठ-सत्तर ग्रॅमच पाणी घेतलं. निम्म्याहून जास्त पाणी नुसत्या हाताने, वीस सेकंदांत, फुकट! आणि मुख्य म्हणजे निपटून काढलेल्या किंवा पुसून काढलेल्या पाण्याला वाफ व्हावं लागत नाही. ते पाणी म्हणूनच जातं, त्याचं २.४ किलोज्यूलचं बिल येत नाही.

टॉवेलचंही थोडं शास्त्र आहे. सोलापुरी टॉवेलवर दोन्ही बाजूंना सुताची बारीक फासं असतात. त्यामुळे पाण्याला चिकटायला भरपूर जागा मिळते आणि फासांमधल्या बारीक फटी केशाकर्षणाने पाणी आत ओढतात. यासाठी टॉवेल क्षणभर दाबून धरायला हवा, म्हणजेच टिपायला हवं. नुसता जोरजोरात चोळला तर पाणी एकीकडून दुसरीकडे जातं आणि त्वचा लाल होते. दुकानातून आणलेला नवा कोरा टॉवेल पाणी नीट शोषत नाही, कारण त्यावर फिनिशिंगचा थर असतो. दोन-तीनदा धुतला की सुधारतो. आणि कपडे मऊ करणारं ते सुवासिक लिक्विड टॉवेलला लावू नका. त्याचा मेणचट थर सुतावर बसतो आणि टॉवेल वासाला छान, कामाला शून्य होतो.

पण होस्टेलसाठी माझं मत विचाराल तर जाड टॉवेलपेक्षा पंचा बरा. माझे आजोबा आयुष्यभर दोन पंच्यांवर राहिले. एक ओला, घट्ट पिळलेला. त्याने सगळं अंग पुसायचं, परत पिळायचं, परत पुसायचं. दुसरा कोरडा, तो फक्त शेवटचा हात फिरवायला. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं, ओल्या कपड्याने अंग कोरडं कसं होणार? पण पिळलेल्या कापडातल्या फटी रिकाम्या झालेल्या असतात, त्या परत पाणी ओढतात. जाड टॉवेल एकदा भरला की भरला. पंचा पिळला की पुन्हा नवा. शिवाय तो दोन तासांत वाळतो. आपला जाड टॉवेल खिडकीच्या गजावर संध्याकाळपर्यंत कुबट वास मारत लटकत असतो, पावसाळ्यात तर तीन दिवस.

क्रम असा ठेवा. केस आधी, नाहीतर पुसलेल्या पाठीवर पाणी ठिबकत राहतं आणि सगळी मेहनत पाण्यात. लांब केसवाल्यांनी केस पुढे घेऊन पिळावेत, निपटावेत आणि जुन्या सुती ओढणीत किंवा टी-शर्टमध्ये गुंडाळून वर बांधावेत, म्हणजे टॉवेल अंगासाठी मोकळा राहतो. मग मान, छाती, पाठ. इथे थांबा आणि वरचे कपडे घालून टाका! पाय ओले असले तरी चालतील. धड झाकलं गेलं की निम्मी लढाई संपते. मग पाय, आणि सगळ्यात शेवटी पायाच्या बोटांच्या बेचक्या. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

कपडे मात्र कोरड्या अंगावरच. घाईघाईने ओल्या पाठीवर टी-शर्ट चढवला की तो चिकटतो आणि पाणी पितो. कपडा आपल्याला ऊब देतो ती सुताची नसते, सुतात अडकलेल्या हवेची असते. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त चांगलं उष्णता वाहून नेतं. हवेच्या जागी पाणी बसलं की स्वेटर नुसता वजनाला उरतो. मग "दोन स्वेटर घातले तरी थंडी वाजते" म्हणायचं, आणि आतला टी-शर्ट पिळला तर पाणी निघेल!

पायाखालची फरशी हा वेगळा ताप. फरशी आणि पायपुसणं दोघांचं टेंपरेचर एकच असतं, पण फरशी जास्त गार लागते, कारण ती पायातली उष्णता भराभर ओढते. बाथरूमच्या बाहेर कोरडी स्लीपर किंवा जुनं गोणपाट ठेवलं तरी पुरतं.

बारीक मुली जास्त का कुडकुडतात, हेही लोक विचारतात. वजनाच्या मानाने त्यांचं क्षेत्रफळ जास्त. उष्णता तयार करणारं यंत्र लहान आणि ती बाहेर जायला जागा मोठी. तान्ह्या बाळात हे प्रमाण आपल्या दुपटीहून जास्त असतं. म्हणून बाळाला न्हाऊ घातलं की त्या मावशी एका सेकंदात दुपट्यात गुंडाळतात. आपण इंजिनिअर मात्र ओलेत्याने बावीस पावलं चालतो.

मुलांच्या होस्टेलमध्ये तर टॉवेल फक्त कमरेला गुंडाळायला असतो, असं ऐकून आहे. निथळत रूमवर यायचं, पंखा चालू करायचा आणि वाळायचं. शूरवीरांनो, वरचं ३६०० सेकंदांचं गणित तुमच्यासाठीही आहे.

जुन्या लोकांनी हा प्रश्न पाण्याच्या नाही, खोलीच्या बाजूने सोडवला होता. आजोळी बंब होता, तांब्याचा. बाहेरून साधा पिंपासारखा, पण मधून आरपार नळकांडं, त्यात जाळ आणि भोवती पाणी. थर्ड इयरला फायर ट्यूब बॉयलर शिकवताना सरांनी फळ्यावर डायग्राम काढली आणि मी जवळजवळ ओरडलेच, "सर, हा तर आजीचा बंब!" विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. पण खरी गंमत अशी की बंब पेटायचा न्हाणीच्या तोंडाशीच. त्यामुळे पाण्याबरोबर न्हाणीही उबायची. अंग पुसायचं ते त्या उबेत. दिवाळीच्या अभ्यंगस्नानातही हेच. आश्विनातली पहाट, बाहेर गारठा, पण आधी अंगाला तेल चोपडलेलं. उटण्याने सगळं तेल निघत नाही. जे राहतं त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. म्हणजे अंगावर थर कमी, वाफ कमी, थंडी कमी. दिवाळीखेरीज रोज तेल लावायला कोणाला वेळ आहे? पण थंडीत आंघोळीआधी पाय आणि हातांना चमचाभर खोबरेल लावून बघा, त्वचाही फुटत नाही. फक्त फरशीवर सांडू नका, घसरायला होतं.

आता रॉडबद्दल, कारण लेख वाचूनही काहीजणी रॉड आणतीलच. रॉडच्या आतली तार आणि बाहेरचं धातूचं आवरण यांच्यामध्ये इन्सुलेशन असतं. ते तडकलं किंवा ओलं झालं की आवरणात करंट उतरतो, आणि तिथून पाण्यात. प्लगची मोठी अर्थिंगची पिन कोणीतरी मोडलेली असते किंवा टू पिनच्या बोर्डात कशीबशी खुपसलेली असते. कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स खूप असतो, पण ओल्या हातापायांनी तो हजार ओहमच्या घरात येऊ शकतो. २३० व्होल्ट भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरात बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला सर्किट तोडतो. ३० आणि २३०, यातला फरक इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा. बाहेर कोणाकडे रॉड वापरायची वेळ आलीच तर बादली प्लॅस्टिकची, बटण बंद, प्लग बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात.

आणि जे थर्ड इयरपासून बाहेर फ्लॅट घेऊन राहतात त्यांच्यासाठी, हे नीट वाचा. मी वर म्हटलं की दार बंद ठेवा, वाफ आत ठेवा. हे आपल्या होस्टेलच्या सोलरच्या बाथरूमसाठी आहे. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर हा सल्ला जिवावर बेतेल. बंद जागेत गॅस जळायला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, हातपाय गळतात आणि कडी काढायचंही त्राण राहत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. आतच असेल तर घरमालकाशी भांडा. ते होईपर्यंत गीझर चालू असताना आत कोणी नको. बादली भरा, गीझर बंद करा, खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. थोडी थंडी वाजेल, वाजू दे.

"ओल्या केसांनी फिरू नकोस, सर्दी होईल," हे प्रत्येक आईचं वाक्य. सर्दी व्हायरसने होते, ओल्या केसांतून व्हायरस उगवत नाही, असं मी घरी अनेकदा ऐकवलं आहे. पण २००५ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८० जण घेतले, निम्म्यांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले, निम्म्यांचे रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाणीवाल्या ९० पैकी १३ जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्या ९० पैकी ५ जणांनी. नाकात आधीच लपलेला व्हायरस गारठ्याने डोकं वर काढत असावा, असा त्यांचा अंदाज. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, पण आईला एकदम मोडीत काढू नका इतकं नक्की.

शेवटी सगळ्यात बोअरिंग पण सगळ्यात गरजेचं. टॉवेल शेअर करू नका. गजकर्ण आणि नायटा ओल्या टॉवेलवरून आरामात पसरतात. आमच्या मजल्यावर ऑगस्टमध्ये एकीला झालं आणि दिवाळीपर्यंत पाचजणींना. त्यात मेडिकलमधून कोणालाही न विचारता स्टेरॉइड मिसळलेली क्रीम आणून लावली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. डॉक्टरकडे जा. आणि टॉवेल उन्हात वाळत घाला, दाराच्या मागे नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्या बाथरूममध्ये कोरडे कपडे ठेवायचे कुठे? बरोबर! हाच खरा प्रॉब्लेम आहे. आत एकही खुंटी नाही. कपडे दारावर टाकावे तर शिंतोड्यांनी भिजतात आणि पलीकडून कोणी ढकललं तर बाहेर पडतात. पायजमा घालताना एका पायावर जो नाच करावा लागतो तो वेगळाच. म्हणून अर्ध्या मुली टॉवेल कसाबसा फिरवतात आणि रूमकडे पळतात, आणि मग पाण्याला शिव्या देतात.

रेक्टर मॅडमना मी हे सगळं गणित दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कडक पाणी नको?" मी म्हटलं, "मॅडम, पाणी आहे तेच पुरे. खुंट्या द्या." प्रत्येक बाथरूमला आत उंचावर दोन खुंट्या, एक उभी राहायला लाकडी फळी, आणि कॉरिडॉरच्या फुटलेल्या काचा बसवून हव्यात. तिन्ही मजले धरून २४ बाथरूम आहेत, म्हणजे ४८ खुंट्या आणि २४ फळ्या. अर्जावर ११२ सह्या झाल्या आहेत. ज्यांच्या राहिल्या असतील त्यांनी रूम नंबर २१४ मध्ये येऊन कराव्यात, संध्याकाळी सातनंतर, सबमिशनच्या आठवड्यात सोडून.